शोधपत्रिका खुली, तर तिचा कारभारही खुला हवा

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, फेब्रुवारी २०२५ मध्ये 'केअर' यादी मोडीत काढली. कोणत्या शोधपत्रिकेतला लेख पदोन्नतीसाठी धरायचा आणि कोणता नाही, हे त्याआधीची पाच-सहा वर्षे या यादीवरून ठरत होते. आता ती जबाबदारी विद्यापीठांवर आणि महाविद्यालयांवर आली आहे. आयोगाने त्यांच्या हाती फक्त काही सूचक निकष ठेवले आहेत. यादी गेली म्हणून कोणाला हायसे वाटले, तर आता बाजारबुणग्या पत्रिकांना रान मोकळे मिळेल अशी धास्ती कोणाला वाटते. दोन्ही बाजूंनी चर्चा यादीभोवतीच फिरते आहे, आणि तिथेच गफलत होते. यादी असणे वा नसणे हा दुय्यम प्रश्न आहे. एखाद्या शोधपत्रिकेवर विश्वास ठेवायचा का, हे ठरवायला टिकाऊ आधार एकच: तिने आपले नियम जाहीरपणे लिहून ठेवले आहेत का, आणि त्या नियमांप्रमाणे ती वागली याचा पुरावा कोणालाही पाहता येतो का. मुक्त प्रवेशाच्या पत्रिकांच्या बाबतीत, म्हणजे ज्यांतले लेख कोणालाही विनामूल्य वाचता येतात त्यांच्या बाबतीत, हा आग्रह अधिकच धरला पाहिजे. लेख सगळ्यांसाठी खुला आणि तो छापायचा निर्णय मात्र बंद दाराआड, ही अवस्था फार काळ चालू देता कामा नये.

मुक्त प्रवेशाची कल्पना मुळात उदात्त आहे आणि ती आजही तितकीच खरी आहे. २००२ सालच्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने ती जगापुढे नीट मांडली: संशोधन बहुतांशी जनतेच्या पैशावर होते, लेखक आणि परीक्षक त्यासाठी मोबदला घेत नाहीत, मग ते वाचण्यासाठी वाचकाने भरमसाठ वर्गणी का मोजावी? मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी संलग्न सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून १९५५ पासून निघणारे 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' या शतकाच्या सुरुवातीलाच इंटरनेटवर सर्वांना खुले झाले होते. मुंबईतूनच १९९३ साली सुरू झालेले वैद्यकीय नीतिशास्त्राचे 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' आजही कोणालाही वाचता येते. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला किंवा ग्रामीण महाविद्यालयातल्या विद्यार्थिनीला ताजे संशोधन मिळण्याचा हा सरळ मार्ग आहे. अडचण आली ती पैशाची बाजू उलटल्यामुळे. वाचक पैसे देत होता तेव्हा नको असलेला कचरा छापणाऱ्या पत्रिकेची वर्गणी बंद होण्याची भीती तरी होती. लेखक पैसे देऊ लागला तेव्हा प्रत्येक स्वीकारलेला लेख ही कमाई आणि प्रत्येक नाकारलेला लेख हा तोटा ठरला. सगळ्याच मुक्त पत्रिका शुल्क घेत नाहीत आणि शुल्क घेणारी प्रत्येक पत्रिका लबाड नसते. तरीही हा मोह व्यवस्थेतच आहे, आणि तो आवरण्यासाठी संपादकाच्या सज्जनपणापेक्षा भक्कम काहीतरी लागते.

आपल्याकडे या मोहाला गिऱ्हाईक पुरवले ते सरकारी नियमांनीच. २०१० च्या यूजीसी नियमावलीने 'एपीआय' गुण आणले आणि महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या कामाचे मोजमाप लेखांच्या संख्येवर आले. २०१८ ची नियमावली घ्या. सहयोगी प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी किमान सात लेख, प्राध्यापकपदासाठी किमान दहा. विज्ञानातल्या लेखाला आठ गुण, मानव्यविद्येतल्या लेखाला दहा. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला सत्तर टक्के. म्हणजे एकट्याने लिहिले तर लेखाची किंमत शंभर, आणि कोणाचे तरी नाव शेजारी लावले तर दोघांची मिळून एकशे चाळीस. असे गणित समोर ठेवल्यावर सहलेखकांची संख्या वाढली नाही तरच आश्चर्य. 'पेपर टाकला का?' हा प्रश्न स्टाफरूममध्ये 'चहा झाला का?' इतक्या सहजतेने विचारला जातो, तो यामुळे. आणि मग चर्चासत्रांची ती ठरावीक पत्रके येतात: एकदिवसीय राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय चर्चासत्र, विषय इतका ऐसपैस की भाषा, वाणिज्य, भूगोल, शारीरिक शिक्षण असे काहीही त्यात बसावे, लेख चार-पाच पानांचा, टंक युनिकोड किंवा कृतिदेव, नोंदणी शुल्कात विशेषांकातले प्रकाशन धरलेले, सहलेखकाला प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क वेगळे. लेख पाठवायची शेवटची तारीख आणि अंक प्रकाशित होण्याची तारीख यांत मोजके दिवस. पत्रकाच्या डोक्यावर आयएसएसएन क्रमांक आणि 'इम्पॅक्ट फॅक्टर' ठळक अक्षरांत. यातला आयएसएसएन हा नियतकालिकाच्या नोंदणीचा आठ अंकी क्रमांक आहे, गुणवत्तेशी त्याचा काडीचा संबंध नाही. चित्रपट मासिकालाही तो मिळतो. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणून जगभर ओळखला जातो तो आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी काढते. पत्रकावरचा आकडा पुष्कळदा पैसे घेऊन असे आकडे वाटणाऱ्या भलत्याच दुकानाचा असतो. त्या मोजक्या दिवसांत शेकड्याने आलेले लेख कोणी वाचले, काय सुचवले, कोणता नाकारला, याची नोंद कुठेही सापडत नाही.

यावर उपाय म्हणून यादी आली. जानेवारी २०१७ मध्ये यूजीसीने मान्यताप्राप्त शोधपत्रिकांची जी यादी लावली तिच्यात अडतीस हजारांहून अधिक नावे होती, आणि त्यांतली काही हजार विद्यापीठांनीच शिफारस करून पाठवलेली. या विद्यापीठ-शिफारशींची छाननी पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातले डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष मांडले. तपासलेल्या १,००९ पत्रिकांपैकी ३४.५ टक्के पत्रिकांचा पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे अशी प्राथमिक माहितीच चुकीची होती किंवा नव्हती. आणखी ५२.३ टक्क्यांनी खोटी माहिती दिलेली: चुकीचा आयएसएसएन, इम्पॅक्ट फॅक्टरचे बनावट दावे, संशयास्पद सूचींमध्ये समावेश. थोडक्यात, विद्यापीठांनी स्वतः शिफारस केलेल्या शंभरातल्या सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी पत्रिका कामाच्या नव्हत्या. मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नावे वगळली. पुढे पुण्यातच केंद्र स्थापन होऊन 'केअर' यादी तयार झाली, २०१९ मध्ये ती लागू झाली, आणि तिने बराच कचरा बाहेर काढला हे मान्य केले पाहिजे. पण यादीचा स्वभावच असा की ती नावाला किंमत आणते, आणि ज्या नावाला किंमत येते ते चोरीला जाते. यादीतल्या प्रतिष्ठित पत्रिकांची हुबेहूब नक्कल करणारी संकेतस्थळे निघाली. तेच शीर्षक, तोच आयएसएसएन, पैसे मात्र भलत्याच खात्यात. शेवटी केअर केंद्राला अशा नकली पत्रिकांची वेगळी यादी ठेवावी लागली. यादीवर विसंबायची सवय लागल्यामुळे लेखकाने पत्रिका उघडून पाहणे, तिचे जुने अंक चाळणे, संपादकाला ओळखणे सोडून दिले होते. म्हणूनच नक्कल खपली.

यादी म्हणजे हमी नव्हे याचा धडा जगालाही मिळालेला आहे. २०१३ साली जॉन बोहॅनन या पत्रकाराने 'सायन्स' नियतकालिकासाठी एक प्रयोग केला. दगडफुलातून काढलेला रेणू कर्करोगाच्या पेशी मारतो, असा दावा करणारा बनावट लेख त्याने मुक्त प्रवेशाच्या ३०४ पत्रिकांना पाठवला. लेखातल्या चुका इतक्या ढोबळ होत्या की रसायनशास्त्राची बऱ्यापैकी जाण असलेल्या परीक्षकाने त्या पहिल्या वाचनात पकडाव्यात. १५७ पत्रिकांनी तो स्वीकारला, ९८ नी नाकारला. भारतातून चालणाऱ्या पत्रिकांचा हिशेब तर मान खाली घालायला लावणारा: ६४ नी स्वीकारला, १५ नी नाकारला. यांतल्या कितीतरी पत्रिका 'डीओएजे' या मुक्त पत्रिकांच्या जागतिक निर्देशिकेत नोंदलेल्या होत्या. या प्रयोगावर एक रास्त आक्षेप घेतला जातो, की वर्गणीवर चालणाऱ्या पत्रिकांना तो लेख पाठवलाच नव्हता, त्यामुळे तुलना होऊ शकत नाही. तो मान्य करूनही या हकिकतीतल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. लेखातल्या नैतिक त्रुटींवर, म्हणजे पेशी ज्या प्राण्यांपासून घेतल्या त्यांना कसे वागवले याची नोंद नसल्यावर, नेमके बोट ठेवणारी एकमेव पत्रिका 'प्लॉस वन' होती, आणि तीही मुक्त प्रवेशाचीच. दुसरी गोष्ट डीओएजेने पुढे काय केले याची. तिने निकष कडक केले, जुन्या सर्व पत्रिकांना नव्याने अर्ज करायला लावले आणि २०१६ मध्ये तीन हजारांहून अधिक नावे काढली. नव्या अर्जात विचारलेले प्रश्न साधे होते: परीक्षणाची पद्धत कोणती, शुल्क किती, संपादक कोण, लेखाचा हक्क कोणाकडे, आणि ही सगळी माहिती संकेतस्थळावर नेमकी कोणत्या पानावर आहे. ज्या पत्रिकेला सांगण्यासारखे काही असते तिला असे प्रश्न जड जात नाहीत.

मग मुक्त प्रवेशच नको, जुनी वर्गणीची पद्धत बरी, असे म्हणणारे आहेत, आणि त्यांत ज्येष्ठ संशोधकही आहेत. त्यांना 'द लॅन्सेट'चा इतिहास आठवून द्यावासा वाटतो. गोवराच्या एमएमआर लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा बारा मुलांवरचा लेख तिथे १९९८ साली आला. ब्रायन डीअर या पत्रकाराने २००४ पासून त्यातले हितसंबंध आणि लबाडी उघडकीला आणली, तरी लेख पूर्णपणे मागे घेतला गेला तो फेब्रुवारी २०१० मध्ये. बारा वर्षे. तेवढ्या काळात लशीबद्दलचा संशय देशोदेशी पसरला आणि अजूनही तो पुरता विरलेला नाही. त्याच पत्रिकेत मे २०२० मध्ये कोविड रुग्णांवरच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनबद्दल लेख आला. शहाण्णव हजार रुग्णांची माहिती पुरवल्याचे सांगणारी कंपनी मूळ आकडेवारी स्वतंत्र तपासनिसांना दाखवू शकली नाही. तोवर जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाच्या चाचण्या थांबवल्याही होत्या. लेख तेरा दिवसांत मागे घेतला गेला. दोन्ही वेळा लेख जगातल्या अव्वल पत्रिकेच्या परीक्षणातून पार झाला होता. फरक पडला तो नंतर: दुसऱ्या वेळी शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी उघड पत्र लिहून शंका विचारल्या, आणि संपादकांना उत्तर देणे टाळता आले नाही. उलट बाजूला 'हिंदावी' आहे. वायली या बड्या प्रकाशकाने २०२१ मध्ये ही मुक्त प्रकाशनसंस्था विकत घेतली. पाहुण्या संपादकांच्या हाती सोपवलेल्या विशेषांकांतून बनावट लेखांचे कारखाने तिच्यात शिरले आणि एकट्या २०२३ मध्ये आठ हजारांहून अधिक लेख मागे घ्यावे लागले. वायलीने शेवटी ते नावच वापरणे बंद केले. तेव्हा वर्गणी की मुक्त, लहान की मोठी, विलायती की देशी, यांपैकी कशावरूनही पत्रिकेचा खरेपणा कळत नाही. विशेषांकाचा रोग आपल्या चर्चासत्रांपुरता नाही, हेही यातून दिसते.

मग कळते कशावरून? एखाद्या नीट चालवलेल्या पत्रिकेतल्या लेखाचे पहिले पान निरखून पाहावे. लेख कोणत्या तारखेला आला, दुरुस्त होऊन कधी परत आला, कधी स्वीकारला, या तीन तारखा तिथे असतात; त्यांच्यातल्या अंतरावरूनच परीक्षण झाले की नुसता शिक्का बसला याचा अंदाज येतो. प्रत्येक लेखकाने नेमके काय केले, पैसा कोणी दिला, कोणाचे हितसंबंध गुंतले आहेत, माणसांवर किंवा प्राण्यांवर प्रयोग असेल तर कोणत्या नीतिसमितीने परवानगी दिली, हे लिहिलेले असते. पत्रिकेच्या पानावर संपादकांची नावे त्यांच्या संस्थेच्या दुव्यासह असतात, म्हणजे त्यांना विचारता येते. नाव परस्पर छापले गेल्याचे संपादकालाच माहीत नसणे, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार तिथे लगेच उघडा पडतो. शुल्क असेल तर लेख पाठवण्याआधीच आकडा कळतो, माफी कोणाला ते कळते, आणि लेख स्वीकारणाऱ्या संपादकाचा त्या पैशाशी संबंध नसतो. चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दलचा नियम आता यात आला आहे: प्रकाशन नीतीसाठी काम करणाऱ्या 'कोप' या संस्थेने २०२३ मध्येच स्पष्ट केले की असे साधन लेखक होऊ शकत नाही, कारण लेखाची जबाबदारी ते घेऊ शकत नाही; वापरले असेल तर लेखकाने तसे सांगावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, चूक निघाली तर काय करणार याचा नियम आधीच लिहिलेला असतो. तक्रार कोणाकडे करायची, किती दिवसांत उत्तर मिळेल, दुरुस्ती कधी आणि लेख मागे घेणे कधी. मागे घेतलेला लेख गुपचूप गायब करायचा नसतो; तो जागेवर ठेवून त्यावर कारणासह तशी नोंद करायची असते, म्हणजे त्याचा आधार घेऊन बसलेल्या पुढच्या संशोधकाला सावध होता येते. लेख मागे घेतल्याची एकही नोंद नसलेली, वर्षाला हजारो लेख छापणारी पत्रिका पाहिली की मला तिच्या शुद्धतेची खात्री वाटण्याऐवजी तिच्या डोळ्यांवरच्या पट्टीची शंका येते.

इथे मी आणखी एक पाऊल पुढे जाईन. लेखाबरोबर परीक्षकांचे अभिप्राय आणि लेखकाची उत्तरेही प्रसिद्ध व्हावीत. हे काही दिवास्वप्न नाही. 'एम्बो जर्नल' २००९ पासून हे करते आहे, आणि 'नेचर'ने जून २०२५ पासून सर्व नव्या शोधलेखांसाठी ते सरसकट लागू केले. यावर आपल्याकडून येणारा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. मराठी साहित्य, प्रादेशिक इतिहास, लोकसंस्कृती या क्षेत्रांत माणसे मोजकीच. परीक्षकाचे नाव झाकले तरी शैलीवरून ओळखता येते. आज ज्याच्या लेखावर कडक अभिप्राय दिला तो उद्या निवड समितीत बसलेला असतो, किंवा त्याच्याच विद्यार्थ्याचा प्रबंध तपासायला येतो. अशा वातावरणात अभिप्राय उघडे केले तर सगळे गोडगोड लिहितील, असे म्हणतात. पण आजची बंद पद्धत या भीतीवर मात करते आहे का? बंद अभिप्रायही गोडच असतात, किंवा नसतातच. फक्त ते कोणाला दिसत नाही. परीक्षकाचे नाव झाकलेले ठेवून अभिप्रायाचा मजकूर तेवढा प्रसिद्ध करावा. परीक्षक दुसऱ्या विद्यापीठाचा, शक्यतो दुसऱ्या राज्याचा असावा. आणि ज्या लेखाला दोन ओळींपलीकडे अभिप्राय मिळाला नाही तो तसाच दिसू द्यावा. 'लेख चांगला आहे, प्रकाशनास योग्य' एवढाच अभिप्राय शेकडो लेखांखाली वाचायला मिळाला, तर त्या पत्रिकेबद्दल निकालपत्र वेगळे लिहावे लागणार नाही.

यंत्राने हे काम होईल असा एक भाबडा विश्वास दरम्यान रुजला आहे. २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांनी साम्याचे टप्पे ठरवून दिले: दहा टक्क्यांपर्यंत माफ, त्यापुढे चाळीस, साठ अशा पायऱ्या, आणि साठाच्या वर संशोधन-नोंदणीच रद्द. विद्यापीठांना 'शोधशुद्धि' योजनेतून सॉफ्टवेअर मिळाले. इंग्रजीतली शब्दशः उचल त्याने पकडली जाते, हे चांगलेच आहे. पण इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करून स्वतःच्या नावावर खपवला तर शब्दांचे साम्य उरतच नाही. आणि कृतिदेवसारख्या जुन्या टंकात बसवलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसत असला, तरी संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरांची अर्थहीन माळ असते. युनिकोडमधल्या त्याच परिच्छेदाशी तिची तुलनाच होऊ शकत नाही. म्हणजे एकच मजकूर दोन टंकांत दोन 'मौलिक' लेख होऊन बसू शकतो. टक्केवारी दहाच्या आत आली की लेख स्वच्छ, अशी समजूत करून घेतल्याने उलट नुकसान झाले: शब्द फिरवून टक्के खाली आणून देणाऱ्यांचा धंदा उभा राहिला. उचल ओळखायला त्या विषयाचे वाचन असलेला माणूसच लागतो, आणि त्याला ती ओळखता यावी म्हणून लेख उघडा, शोधता येण्याजोगा, युनिकोडमध्ये असावा लागतो. मराठीतल्या प्रत्येक शोधपत्रिकेने युनिकोडचा आग्रह धरावा, ही मागणी नीतीच्या चर्चेत किरकोळ वाटेल. माझ्या मते ती पहिल्या दोन-तीन मागण्यांत बसते.

हे सगळे ऐकायला ठीक, पण लहान पत्रिकांनी करायचे कसे, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. मराठीतली ज्ञानपरंपरा मोठ्या प्रकाशनसंस्थांनी उभी केलेली नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे 'नवभारत', 'समाज प्रबोधन पत्रिका', मराठी अभ्यास परिषदेचे 'भाषा आणि जीवन', भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक: ही नियतकालिके थोड्या माणसांनी, बहुतेक वेळा पदरमोड करून चालवली. त्यांच्यावर लंडन-न्यूयॉर्कच्या प्रकाशकांना साजेसा कागदपत्रांचा बोजा टाकला तर पहिली तीच बंद पडतील आणि चकचकीत संकेतस्थळ करून निकषांच्या सगळ्या चौकटींत खुणा भरणारी दुकाने तरतील. हा धोका खरा आहे. म्हणूनच अपेक्षा थोड्या आणि तपासता येण्याजोग्या असाव्यात. संपादकांची खरी नावे, तीन तारखा, शुल्क असेल तर आकडा, अभिप्राय, दुरुस्त्यांचे पान. याला मोठे कार्यालय लागत नाही. लेख स्वीकारण्यापासून परीक्षण व प्रकाशनापर्यंतचा सगळा व्यवहार नोंदवणारी 'ओपन जर्नल सिस्टम्स' ही प्रणाली गेली वीसहून अधिक वर्षे फुकट उपलब्ध आहे आणि जगभरातल्या हजारो पत्रिका तिच्यावर चालतात. लागतो तो थोडा पैसा आणि एखादा पगारी माणूस. तो पैसा लेखकाच्या खिशातून काढला की आपण पुन्हा त्याच मोहापाशी येतो. ब्राझीलने १९९८ पासून 'सायेलो' हे व्यासपीठ सार्वजनिक पैशावर उभे करून दाखवले. पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांतल्या शेकडो पत्रिका त्यामुळे खुल्या राहिल्या, आणि निकष न पाळणाऱ्यांना बाहेरही काढले गेले. आपल्याकडे पैसा नाही असे म्हणता येणार नाही. 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेवर केंद्र सरकार २०२५ ते २०२७ या तीन वर्षांत सहा हजार कोटी रुपये खर्च करते आहे. तीस प्रकाशकांच्या सुमारे तेरा हजार पत्रिका सहा हजारांहून अधिक संस्थांना त्यातून वाचायला मिळतात. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ती सोयीची आहे, तिला विरोध करण्याचे कारण नाही. पण त्यातून मिळतो तो दुसऱ्यांच्या पत्रिका वाचण्याचा हक्क, तोही मुदतीचा. या रकमेचा एक टक्का म्हणजे वर्षाला वीस कोटी. चार लाखांप्रमाणे पाचशे भारतीय पत्रिका, लेखकाकडून किंवा वाचकाकडून एक रुपयाही न घेता, तेवढ्यात चालू शकतात. अट एकच ठेवावी, कारभार उघडा ठेवण्याची.

प्राध्यापकांची बाजू राहिली. दिवसाला चार-पाच तास अध्यापन, परीक्षेची कामे, नॅकच्या फायली, कित्येक ठिकाणी तासिका तत्त्वावरची नोकरी, आणि वर लेखांची सक्ती. यात पैसे भरून लेख छापून आणणाऱ्यालाच दोष देणे सोपे आहे. पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी लेख छापलाच पाहिजे ही अट यूजीसीने २०२२ मध्ये काढली ते योग्यच झाले. पदोन्नतीतही लेख मोजण्याऐवजी उमेदवाराने स्वतः निवडलेले दोन किंवा तीन लेख निवड समितीने प्रत्यक्ष वाचावेत आणि त्यांवर बोलावे, ही पद्धत यायला हवी. समित्यांना वेळ नाही, हे उत्तर मिळते. दहा लेखांची प्रमाणपत्रे, आयएसएसएन आणि आकडे जुळवत बसायला त्याच समित्यांना आज वेळ मिळतोच की. आणि ओळखीने काम होईल या भीतीवरचा उपाय विद्यापीठांच्या हातात आत्ताही आहे. स्थाननिश्चितीच्या, म्हणजे पदोन्नतीच्या, प्रस्तावाला जोडलेला प्रत्येक लेख विद्यापीठाने आपल्या संकेतस्थळावरच्या भांडारात ठेवावा, नाव, तारीख आणि पत्रिकेच्या दुव्यासह, कोणालाही वाचता येईल असा. पीएचडीच्या प्रबंधांसाठी 'शोधगंगा' हे कधीपासून करते आहे. लेखांना वेगळा न्याय कशासाठी? प्रकाशकाचा हक्क आड येत असेल तर लेखकाची स्वतःची अंतिम प्रत ठेवता येते, बहुतेक मोठे प्रकाशक ठरावीक मुदतीनंतर तशी मुभा देतात. आणि विशेषांक काढणाऱ्या आपल्याकडच्या पत्रिका तर स्वतःला मुक्त प्रवेशाच्याच म्हणवतात, त्यांची हरकत असूच शकत नाही. यामुळे आणखी एक साधेल. २०१० नंतर छापलेल्या कित्येक पत्रिकांची संकेतस्थळे आज उघडत नाहीत. त्यांतले लेख चुकीचे असतील तर ते मागे घ्यायला संपादक उरलेला नाही, आणि चांगले असतील तर वाचायला प्रत नाही. त्यांच्या जोरावर मिळालेल्या पदोन्नत्या मात्र चालू आहेत, आणि त्या लेखांच्या छापील प्रती विद्यापीठांच्या आस्थापना विभागातल्या फायलींत आहेत. त्या स्कॅन करून भांडारात टाकायला नवा कायदा लागत नाही, यूजीसीच्या परिपत्रकाचीही वाट पाहावी लागत नाही. विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेचा एक ठराव पुरतो.